लाइटसेबर न उपसता

13 मे 2025 रोजी ‘अँडॉर’ संपली आणि 20 मे रोजी जयंत नारळीकर गेले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या मनात त्यांची तेव्हा पडलेली गाठ अजून सुटलेली नाही. एकीकडे छोट्या पडद्यावरच्या विज्ञानकथेने गाठलेली, माझ्या मते, आजवरची सर्वांत मोठी उंची. दुसरीकडे पन्नास वर्षांपूर्वी मराठी विज्ञानकथेला पायावर उभं करणारा लेखक, ज्याच्या कथेवरची मालिका एकाही खासगी मराठी वाहिनीवर मी पाहिलेली नाही. हा लेख त्या गाठीतून आला आहे.

आधी इतरांचा हिशेब संपवतो. मार्व्हलच्या मालिका आता पुढच्या चित्रपटाच्या जाहिरातीसारख्या झाल्या आहेत. ‘वांडाव्हिजन’चे पहिले काही भाग तेवढे वेगळे काढावेत. ‘द बॉइज’ एकच धक्का पुन्हा पुन्हा देते. ‘फाउंडेशन’ डोळ्यांना सुखावते, पण तिच्यात आसिमॉव्ह शोधावा लागतो. नेटफ्लिक्सची ‘3 बॉडी प्रॉब्लेम’ इतकी घाईत आहे की जगाच्या अंताची बातमीही तिच्यात उरकल्यासारखी येते. जर्मनीची ‘डार्क’ मात्र मी मनापासून मानतो: एक लहान गाव, एक गुहा, एक अणुवीज केंद्र, चार घराणी आणि 26 भाग. काळाच्या चक्राचं गणित तिच्यात अवघड आहे, पण आपल्याला धरून ठेवतं ते आईला न सापडणारं मूल.

आता ‘अँडॉर’. टोनी गिलरॉयने ‘स्टार वॉर्स’च्या विश्वात दोन सीझन, 24 भाग केले आणि त्यात एकदाही कुणी लाइटसेबर उपसत नाही. या विश्वाची ओळखच ज्या शस्त्राने होते, ते बाजूला ठेवण्याचं धाडस हीच या मालिकेची पहिली कलात्मक निवड. ते शस्त्र चालवणारे जेडाय योद्धे नाहीत म्हटल्यावर प्रश्न आपोआप बदलतो. साम्राज्य कोण उलथवणार, हा प्रश्न मागे पडतो आणि साम्राज्य रोज सकाळी चालतं कसं, हे दिसायला लागतं. ते इंधनाच्या शुद्धतेचा हिशेब ठेवणाऱ्या खात्यातल्या सिरिल कार्नसारख्या कारकुनावर चालतं, ज्याला आईसमोर आपण कुणीतरी आहोत हे सिद्ध करायचं आहे. बैठकीत सहकाऱ्याच्या हद्दीतलं प्रकरण आपल्याकडे ओढणाऱ्या डेड्रासारख्या अधिकाऱ्यावर चालतं. सरकारी कचेरीत ज्याने आयुष्यात एकदा तरी खेपा घातल्या आहेत, त्याला हे साम्राज्य परकं वाटणार नाही.

नारकिना तुरुंगाचे भाग मी कितीही वेळा पाहू शकतो. पांढरीशुभ्र खोली, सात टेबलं, प्रत्येकावर सात माणसं, अनवाणी पाय आणि विजेचा धक्का देणारी फरशी. कशाचे भाग जोडतोय हे कैद्यांना माहीत नाही. किनो लॉय हा त्यांच्यातलाच एक मुकादम; आपली शिक्षा संपत आली म्हणून तो इतरांना गप्प ठेवतो. सुटलेल्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर पुन्हा कामाला जुंपतात, हे कळल्यावर तो बदलतो. हजारो कैदी समुद्रात उड्या मारतात, तेव्हा काठावर उभा राहून तो सांगतो की त्याला पोहता येत नाही. मालिका तिथे थांबत नाही, त्याला वाचवायला कुणी येत नाही, पुढे त्याचं काय झालं हेही सांगितलं जात नाही. महानायकाच्या कथेत हे चाललं नसतं. तिथे किनोला अखेरच्या क्षणी पंख फुटले असते.

आणि घोरमन हा ग्रह. जमिनीखाली साम्राज्याला हवं असलेलं खनिज आहे हे कळलं, की वर राहणाऱ्या माणसांबद्दलच्या बातम्या बदलायला लागतात. ती उर्मट ठरतात, मग देशद्रोही ठरतात. मग त्यांच्यातल्या तरुणांना हत्यारं मिळू दिली जातात, म्हणजे गोळीबाराला कारण मिळतं. चौकातला संहार एका दिवसाचा, पण त्याची तयारी मालिकेने वर्षानुवर्षांची दाखवली आहे. दूरच्या आकाशगंगेतली गोष्ट सांगताना इतका ठोस राजकीय विचार टीव्हीवर मी दुसरा पाहिलेला नाही.

याच जातकुळीची एचबीओची ‘वॉचमेन’, 2019 ची. ती सुरू होते 1921 साली टल्सामध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर झालेल्या हल्ल्यापासून, आणि पुढे उघड करते की पहिला मुखवटाधारी नायक एक कृष्णवर्णीय पोलीस होता. त्याचा मुखवटा शोभेचा नाही. तो चेहरा दाखवून न्याय मागू शकत नव्हता. महानायकाच्या कथेला तिच्या देशाच्या लपवलेल्या पानाशी असं जोडलं की प्रकारच वयात येतो. महाडच्या माणसाला हे लगेच कळतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली झाला, महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर आणलं, आणि तरी 20 मार्च 1927 पर्यंत अस्पृश्यांना त्या पाण्याला हात लावता आला नाही. तेव्हा महाडला भरलेल्या त्यांच्या परिषदेला जमलेल्या माणसांसाठी 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. पाणी प्यायल्यावर लोकांवर हल्ला झाला आणि नंतर पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. ठराव, कागद, विकतचं पाणी, मारहाण आणि शुद्धीकरण: गिलरॉयसारख्या लेखकाला यातली एकेक पायरी एकेका भागाला पुरली असती.

आपल्याकडे काय होतं? माझ्या पिढीला 1997 साली ‘शक्तिमान’ मिळाला आणि पाठोपाठ ‘कॅप्टन व्योम’. दोन्हींचं माझ्यावर ऋण आहे. पण शक्तिमानच्या कथेत शक्ती हेच उत्तर होतं, आणि ते आधीच ठरलेलं होतं. त्याचं साधं रूप गंगाधर. तो विनोदासाठी होता. त्याच्या कितीतरी आधी मराठीत दुसरा एक गंगाधर जन्मला होता, त्याच्याकडे कुठलीच शक्ती नव्हती, आणि तोच मला आज मोठा वाटतो.

नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे आद्याक्षरं उलटी करून. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून. पुढे त्यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका ट्रकच्या धडकेनंतर अशा जगात पोहोचतात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती कानाजवळून निघून गेली आहे, आणि मराठे जिंकले आहेत. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात तिचं जे रूप आहे, त्यात गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला जातात ते जिजामाता एक्स्प्रेसने. वाटेत सरहद्द नावाचं स्टेशन येतं, परवाने तपासले जातात, कारण मुंबई अजून इंग्रजांकडे आहे. ग्रंथालयात जाऊन ते स्वतःच लिहिलेले खंड चाळतात, आणि शेवटच्या खंडात इतिहास बदललेला सापडतो. मग आझाद मैदानावर, अध्यक्षाविना भरलेल्या सभेत, रिकामी खुर्ची पाहून ते भाषण करायला चढतात आणि लोक त्यांना मारून उतरवतात.

काय नाही या कथेत? जग उभं करायला नारळीकरांना एक गाडी, एक स्टेशन आणि एक ग्रंथालय पुरलं. विजय मिळालेल्या मराठ्यांचं जग त्यांनी स्वर्ग म्हणून रंगवलं नाही; तिथेही माणसं सभेत म्हाताऱ्या प्राध्यापकाला झोडपतात. ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ने सोव्हिएत माणूस आधी चंद्रावर उतरवला आणि जगाने त्या कल्पनेचं कौतुक केलं. आमच्याकडे तशी कथा कधीपासून छापलेली आहे.

मग मराठी टीव्हीने ही ऊर्जा लावली कुठे? उत्तर मी ज्या गावात राहतो तिथून स्पष्ट दिसतं. पाचाड रायगडाच्या पायथ्याशी आहे. 6 जूनच्या आसपास गडावर जाणारी तरुण मुलं इथे उतरतात, आणि महाराजांबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी संवाद येतात ते मालिकांतले. ‘राजा शिवछत्रपती’, ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ आणि त्यांच्यामागून आलेल्या मालिकांनी घरोघरी इतिहासाची नावं पोहोचवली, हे मी नाकारत नाही. पण त्यांची घडण पाहा. मंदगतीत वळणारी मान, खालून वर पाहणारा कॅमेरा, डोळ्यांचे तीनदा क्लोजअप, मागे कोरस, समोर गडगडाटी हसणारा शत्रू. ही घडण महानायकाच्या मालिकेची आहे, आणि तीही जुन्या, कच्च्या काळातली. मराठी वाहिन्यांनी महानायकाची मालिका केली नाही असं म्हणणं चूक आहे. त्यांनी दुसरं फारसं काही केलंच नाही, आणि त्यासाठी खऱ्या माणसांना वापरलं.

याने इतिहासाचं जे नुकसान होतं ते मला सर्वांत जास्त खुपतं. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या बाजूला असलेल्या लष्कराला महाराजांच्या नावे गेलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आत्ताच उधळाल तर घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, आणि त्यांना मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. आणि पुढे ती विलक्षण सूचना: रात्री दिवे विझवा, नाहीतर उंदीर जळती वात पळवेल, गवताला आग लागेल आणि जनावरं उपाशी मरतील. उंदराने पळवलेली वात! राज्य कशावर उभं असतं हे ज्याला कळलं आहे, त्याच्याच पत्रात हा उंदीर येऊ शकतो. मला हवी ती मालिका या पत्रापासून सुरू होईल: त्या छावणीतला जुमलेदार, ज्याला गवत मोजायचं आहे, आणि तो कुणबी, ज्याच्या दारात घोडेस्वार उभा आहे. ‘अँडॉर’ला फेरिक्स ग्रहावरच्या गावातल्या विटा आणि घणाचा आवाज लागला. आम्हाला गवताची गंजी मिळालेली आहे आणि आम्ही तिच्यावर कॅमेरा नेत नाही.

पाचाडातला जिजाबाईंचा वाडा घ्या. उतारवयात गडावरचा वारा आणि थंडी सोसेना, म्हणून महाराजांनी तो पायथ्याला बांधला. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, 17 जून 1674 रोजी त्या इथेच गेल्या. दगडी टेकणाची तक्क्याची विहीर अजून आहे. वर, जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी स्वतःचं नाव कोरून ठेवलं. आणि हिरकणी: दूध विकायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या मुलासाठी कडा उतरलेली. तिच्या आख्यायिकेत जादू नाही. कडा, अंधार आणि घरी रडणारं मूल, एवढ्यावर ती शतकानुशतकं टिकली आहे. या भूमीची स्वतःची नायककल्पना शक्तीवर उभी नाही, किमतीवर उभी आहे, आणि मंदगतीतला कॅमेरा नेमकी ती किंमत पुसून टाकतो.

वाहिन्यांची बाजू मला माहीत आहे. पैसा नाही, असं पहिलं उत्तर येतं. ‘अँडॉर’वर प्रचंड पैसा ओतला गेला हे खरं. पण तिचं सर्वांत गाजलेलं भाषण, बंडाची सूत्रं हलवणाऱ्या लुथेनचं, एका अंधाऱ्या जागी दोन माणसांत होतं. ‘मिन्नल मुरली’ या चित्रपटाने केरळच्या खेड्यातल्या शिंप्यावर वीज पाडली आणि चहाच्या टपरीवरच्या माणसाला खलनायक केलं, त्या खलनायकाचं प्रेम पाहताना प्रेक्षक रडले. अंतराळयानाची गरजच काय? नारळीकरांच्याच एका कथेत मुंबईत बर्फ पडतं आणि हिमयुग सुरू होतं. हवामान बिघडण्याची कथा समजायला महाड-पोलादपूरच्या प्रेक्षकाला शिकवणी लागणार नाही. 22 जुलै 2021 रोजी इथल्याच तळिये गावावर दरड कोसळली. त्यानंतर या भागात कितीतरी माणसांनी मनात एकच गोष्ट रचली असेल: काही तास मागे जाता आलं असतं तर. कालप्रवास इथे करमणुकीची कल्पना राहिलेला नाही. तो लिहिणारा लेखक आणि दाखवणारी वाहिनी, दोघांना विषयाची चणचण आहे असं मी मानणार नाही.

दुसरं उत्तर असतं की प्रेक्षकाला झेपणार नाही. हे मी अजिबात मान्य करत नाही. ‘गंगाधरपंतां’ची गोष्ट देशभरातली अकरावीची मुलं अभ्यासतात, आणि तीही क्वांटम सिद्धान्ताच्या चर्चेसकट. तीच मुलं रात्री मोबाइलवर ‘डार्क’ पाहून कोण कुणाचा आजोबा याचे तक्ते काढतात. त्यांच्या घरातली आई ‘अँडॉर’मधल्या नायकाच्या आईची, मार्व्हाची, अंत्ययात्रा पाहून हळहळेल, कारण अस्थींची वीट करून गावाच्या भिंतीत बसवण्यातलं तिला सगळं कळतं. प्रेक्षक तयार आहे, कथा तयार आहे, लेखकांची फळी तयार आहे: बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांचे संग्रह ग्रंथालयांत आहेत. तयार नाही तो निर्णय घेणारा माणूस, ज्याला अजून वाटतं की विज्ञानकथा म्हणजे चंदेरी कपडे.

त्याने पाच भाग द्यावेत. पहिला ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चा. पुणे स्टेशन आहे, टाउन हॉलच्या पायऱ्या आहेत, आझाद मैदान आहे. गोष्टीतल्या जिजामाता एक्स्प्रेसच्या निळ्या डब्यांवर छोटा युनियन जॅक रंगवायला कितीसा खर्च येतो?