शोकनायक व नियती

प्राचीन ग्रीक शोकात्मिकेचा नायक व त्याच्या जीवितावर सत्ता गाजविणारी अटळ शक्ती यांचा परस्परसंबंध. या शक्तीला ग्रीक भाषेत ‘मोइरा’ म्हणजे वाट्याला आलेला भाग अशी संज्ञा आहे. भारतीय प्रारब्धकल्पनेहून ती भिन्न आहे. प्रारब्ध हे पूर्वकर्माचे फळ असल्याने त्यात न्यायाचा हिशेब जुळतो. मोइरेत तो जुळेलच असे नाही.

ग्रीक नायक हा नियतीच्या हातचे बाहुले असतो, हा समज मात्र अपुरा आहे. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात नायकाच्या अधःपाताचे कारण म्हणून नियतीऐवजी ‘हामार्तिया’ म्हणजे प्रमाद सांगितला आहे. सॉफोक्लीझच्या ईडिपसविषयी (पु. ल. देशपांडेकृत मराठी रूपांतर राजा ओयदिपौस, १९७९) पितृहत्या व मातृविवाह ही भाकिते होती, परंतु सत्याचा शोध घेणे व स्वतःचे डोळे फोडून घेणे ही कृत्ये त्याची स्वतःची होत. प्रजेच्या हिताची कळकळ हा त्याचा गुणच त्याला विनाशाकडे नेतो.

मराठीत या प्रश्नाचा विचार थोरल्या माधवराव पेशव्याच्या (१७४५–७२) संदर्भात उद्‌बोधक ठरतो. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन (ता. गेवराई, जि. बीड) येथे गोदाकाठी त्याने निजामाच्या सैन्याचा पराभव केला, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला. पानिपतानंतर खचलेल्या मराठी सत्तेला यामुळे उभारी मिळाली. पुढे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी थेऊर येथे क्षयाने त्याचा अंत झाला. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या थोरले माधवराव पेशवे (१८६१) या नाटकाची परिणती या मृत्यूत व रमाबाईच्या सहगमनात होते. नायकाचा मृत्यू वर्ज्य मानणारा संस्कृत नाट्यसंकेत त्यांनी मोडला, हे त्यांचे ऐतिहासिक श्रेय होय. तथापि व्याधी बाहेरून येते. नायकाच्या निर्णयातून ती उद्‌भवत नाही. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात करुणा दाटते, पण ग्रीक शोकात्मिकेला अभिप्रेत असलेले भय जागृत होत नाही.

ग्रीक धर्तीच्या शोकात्मिकेचे खरे बीज याच चरित्रात अन्यत्र आहे. चुलता रघुनाथराव याच्यापुढे माधवरावाने १७६२ मध्ये आळेगाव येथे माघार घेतली. राक्षसभुवनास दोघे एकत्र लढले. १७६८ मध्ये धोडप येथे त्याचा पराभव करूनही माधवरावाने त्याला केवळ नजरकैदेत ठेवले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी धाकटा भाऊ नारायणराव याचा खून झाला व त्याच्या कटात रघुनाथरावाचे नाव गोवले गेले. कुलमर्यादा राखण्याचा सद्‌गुणच अशा रीतीने कुलाच्या घाताला वाट करून देतो. ईडिपसाशी माधवरावाचे साम्य शोधावयाचे, ते त्याच्या अकालमृत्यूत नव्हे, तर या क्षमाशीलतेत. नियती बाहेरून घाला घालते तेव्हा केवळ दुर्दैव घडते. ती नायकाच्या थोरपणातूनच वाट काढते, तेव्हा शोकात्मिका घडते.