टीव्हीवर केनेडी, रेडिओवर निक्सन : एका लाडक्या उदाहरणाची तपासणी

संवादकौशल्य शिकवताना एक उदाहरण हमखास दिले जाते. 26 सप्टेंबर 1960 रोजी शिकागोच्या स्टुडिओत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांच्यात टीव्हीवर पहिला वादविवाद झाला. पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असे वाटले, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन. तात्पर्य काय, तर मुद्द्यापेक्षा दिसणे महत्त्वाचे. अभियांत्रिकीच्या वर्गात मीही हे कित्येक वर्षे सांगत आलो. मग प्लेसमेंटच्या तयारीच्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, म्हणजे उत्तर नाही आले तरी ब्लेझर चांगला असला की झाले ना?" त्या दिवशी या गोष्टीचा मूळ आधार शोधायला बसलो.

आधार म्हणून सांगितले जाते ते सिंडलिंगर या संस्थेचे सर्वेक्षण. दोन हजारांहून अधिक लोकांच्या त्या नमुन्यात रेडिओ श्रोते तीनशेसुद्धा नव्हते. त्यांतल्या अनेकांनी कोण जिंकले याचे स्पष्ट उत्तर दिलेले नाही. ते आधीपासूनच निक्सन यांच्या बाजूचे होते का, हेही त्यावरून समजत नाही. प्रयोगवहीत असे वाचन आणले तर आपण सही करू का? व्हॅन्सिल आणि पेंडेल या अभ्यासकांनी 1987 मध्येच या समजुतीला मिथक म्हटले होते. पुढे 2003 मध्ये जेम्स ड्रकमन यांनी नव्या प्रेक्षकांवर प्रयोग करून चित्राचा परिणाम होतो असे दाखवले. म्हणजे परिणाम आहे, पण 1960 च्या त्या मूठभर श्रोत्यांवरून तो सिद्ध होत नाही.

ध्वनिचित्रफीत पाहिली की आणखी एक गोष्ट लक्षात येते. आजारपणातून उठलेले निक्सन ओढलेले, घामेजलेले दिसतात आणि त्यांचा फिका सूट मागच्या पडद्यात मिसळून जातो, हे खरेच. पण डोळे मिटून ऐकले तरी ते मागे पडतात. विषय देशांतर्गत असताना केनेडी लिंकनपासून सुरुवात करून थेट साम्यवादी जगाशी असलेल्या स्पर्धेवर येतात. निक्सन मात्र केनेडींच्या बऱ्याच म्हणण्याशी सहमती दाखवत सुरुवात करतात : उद्दिष्ट तेच, मार्ग वेगळा. प्रतिपक्षाने आखलेल्या मैदानात ते स्वतःहून उतरले. यात मेकअपचा काय दोष?

आता 6 ऑक्टोबर 1976. पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे जेराल्ड फोर्ड बोलून गेले. प्रश्न विचारणारे पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांनी सावरायची संधी दिली, तरी त्यांनी युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड अशी नावे घेऊन तेच रेटले. गंमत म्हणजे, वादविवाद संपल्या-संपल्या घेतलेल्या चाचणीत फोर्ड यांचे फारसे बिघडलेले नव्हते. वृत्तपत्रे आणि वाहिन्यांनी ते वाक्य दिवसभर घोळवले, तेव्हा लोकांचे मत पालटले. चूक मंचावर झाली, तिचा 'घोटाळा' बाहेर तयार झाला. (त्याच मालिकेतल्या पहिल्या वादविवादात ध्वनियंत्रणा बंद पडली आणि फोर्ड व कार्टर सुमारे 27 मिनिटे आपापल्या जागी मुकाट उभे राहिले. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना तो प्रसंग जास्त आवडतो.)

या घटनांनी निकाल ठरला का? 1960 मध्ये मतांचा फरक सुमारे 1,13,000 इतकाच होता. इतक्या चुरशीत प्रत्येक कारण निर्णायक भासते, म्हणून एकाच कारणाला श्रेय देताना हात आखडावा. बायडेन यांचे उदाहरण वेगळे आहे. 27 जून 2024 च्या वादविवादानंतर महिन्याच्या आत त्यांना उमेदवारी सोडावी लागली. पण तिथेही वयाची शंका आधीपासून होती आणि दबाव आला तो मुख्यतः स्वपक्षातून.

केनेडी-निक्सन वादविवादाची फीत इंटरनेटवर सहज मिळते. पुढच्या तासाला येण्याआधी पहिली वीस मिनिटे फक्त ऐका, कोण वरचढ वाटले ते कारणासह लिहा आणि मगच चित्र पाहा. आधीचे उत्तर खोडू नका.