खिदिरपूरची काशी : तीर्थवर्णनाचा घाट आणि ऋणसंबंध

कोलकात्यातील खिदिरपूरचे नाव वाङ्मयेतिहासात बहुधा मायकेल मधुसूदन दत्त यांच्या संदर्भात येते. मधुसूदनांच्या वडिलांचे घर या वस्तीत होते आणि कवीची विद्यार्थिदशा तेथे गेली. आधुनिक बंगाली काव्याच्या उगमाशी अशा रीतीने जोडल्या गेलेल्या खिदिरपूरचा आणखी एक वाङ्मयीन वारसा आहे. तो मधुसूदनांहून जुना असूनही तौलनिक अभ्यासात तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील घोषाल घराण्यातील कृष्णचंद्र घोषाल यांनी नौकांतून काशीयात्रा केली. त्यांच्यासोबत असलेल्या विजयराम सेन या वैद्याने ती यात्रा ‘तीर्थमंगल’ या काव्यात वर्णिली. कृष्णचंद्रांचे पुत्र जयनारायण (१७५२-१८२१) पुढे काशीतच स्थायिक झाले आणि त्यांनी ‘काशीपरिक्रमा’ रचली. एकाच घराण्याशी निगडित असलेली ही दोन काव्ये एकाच नगरीची आहेत; तरीही त्यांचा घाट परस्परांहून अगदी भिन्न आहे.

या भिन्नतेचा उलगडा कसा करावयाचा, हा प्रश्न मराठी अभ्यासकाच्याही जवळचा आहे. मराठीतील काशीयात्रेचे सर्वांत परिचित कथन म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. ते या दोन बंगाली काव्यांशेजारी ठेवले असता तीर्थवर्णनाच्या इतिहासाविषयीची काही रूढ गृहीतके तपासून पाहावी लागतात. तीर्थवर्णनाचा घाट तीर्थाच्या माहात्म्यावरून ठरत नाही, भाषेवरून वा छंदावरूनही पूर्णतः ठरत नाही; लेखक कोणाचे देणे लागतो आणि यात्रेचे पुण्य कोणाच्या पदरी पडावयाचे आहे, या संबंधावरून तो प्रामुख्याने ठरतो, असे या तिन्ही संहितांच्या एकत्र वाचनातून दिसते.

१. प्रवाहाविरुद्धचा प्रवास

घोषाल घराण्याचे वैभव कंपनी सरकारच्या उदयाशी बांधलेले होते. कृष्णचंद्रांचे बंधू गोकुळचंद्र हे १७६७ ते १७६९ या काळात बंगालचे गव्हर्नर असलेल्या हॅरी व्हेरेल्स्ट यांचे बेनियान, म्हणजे व्यापारी कारभारी होते. नव्याने मिळालेल्या संपत्तीला प्रतिष्ठेची जोड देण्याचे जे मार्ग त्या काळी उपलब्ध होते, त्यांत देवालये बांधणे आणि मोठा परिवार घेऊन तीर्थयात्रा करणे हे प्रमुख होते. ‘तीर्थमंगल’ हे अशा यात्रेचे काव्य आहे. ते बंगाली सन ११७७ मध्ये, म्हणजे १७७० च्या सुमारास पूर्ण झाले.

शीर्षकातील ‘मंगल’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मंगलकाव्य हा मध्ययुगीन बंगालीतील देवतामाहात्म्याचा कथाप्रधान प्रकार होय. चंडीमंगल आणि मनसामंगल या परंपरांतील धनपती अथवा चांद सौदागर यांच्या नौका नदीच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे जातात आणि कवी काठावरील गावांची नावे क्रमाने सांगत जातो. विजयरामाने हीच चौकट घेतली; दिशा मात्र उलटी केली. खिदिरपूरजवळून वाहणारी हुगळी ही बंगाली श्रद्धेनुसार गंगाच असल्याने कृष्णचंद्रांची यात्रा एकाच पवित्र नदीवरून उगमाकडे जाणारी यात्रा ठरते. सौदागर धनासाठी खाली जातो, यात्रिक पुण्यासाठी वर जातो; काठावरच्या गावांची नामावळी दोघांच्या कथनात सारखीच राहते.

मंगलकाव्यात देवता ज्या स्थानी असते, त्या स्थानी येथे आश्रयदाता आला आहे, हा यातील दुसरा बदल. विजयराम स्वखर्चाने निघालेला यात्रिक नव्हे. तो दुसऱ्याच्या परिवारातून काशीला गेला. यात्रेचे श्रेय यजमानाचे आणि त्याच्या कृपेने घडलेल्या दर्शनाचे ऋण कवीचे. ते ऋण फेडण्याचे साधन म्हणजे काव्य. म्हणूनच या संहितेत मुक्काम, परिवार आणि दानधर्म यांना एवढे स्थान आहे. आधुनिक वाचकाला ही तपशिलांची जंत्री कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. परंतु दानाची नोंद हा येथे अलंकार नसून काव्याच्या प्रयोजनाचाच भाग आहे. पुण्य कोणी साक्षीदाराने सांगितल्यावाचून त्याची कीर्ती होत नाही आणि विजयराम हा तो साक्षीदार होय.

२. पित्याची काशी आणि पुत्राची काशी

कृष्णचंद्रांनी पाहिलेली काशी आणि जयनारायणांनी वर्णिलेली काशी यांच्यामध्ये एक मराठी घटना उभी आहे. १६६९ मध्ये विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेल्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १७८० मध्ये, अहिल्याबाई होळकरांनी आजचे विश्वनाथमंदिर उभारले. पित्याच्या यात्रेच्या वेळी हे मंदिर अस्तित्वात नव्हते. पुत्र काशीत राहू लागला तेव्हा ते नगरीचे केंद्र झालेले होते. याच सुमारास, १७८१ मध्ये, जयनारायणांनी खिदिरपूरच्या भूकैलास येथे दोन शिवमंदिरे बांधली. त्यांतील एका लिंगाला पित्याच्या नावावरून ‘कृष्णचंद्रेश्वर’ असे नाव दिले. स्थापकाच्या अथवा पूर्वजाच्या नावाला ‘ईश्वर’ हे पद जोडून लिंग स्थापन करण्याची रीत काशीत सर्वत्र आढळते. मंदिरांलगतच्या तलावाचे नाव ‘शिवगंगा’. अशा प्रकारे काशी खिदिरपूरला आणली गेली आणि त्यानंतर खिदिरपूरचा हा जमीनदार काशीला गेला.

काशीत जयनारायणांनी बांसबेडियाचे नृसिंहदेव राय यांच्यासमवेत स्कंदपुराणातील काशीखंडाचे बंगाली रूपांतर सिद्ध केले. ‘काशीपरिक्रमा’ ही या रूपांतराच्या अखेरीस जोडलेली स्वतंत्र रचना आहे. पुराणातील काशी सांगून झाल्यावर डोळ्यांसमोरची काशी सांगण्याची निकड कवीला वाटावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. घाट, मंदिरे, वस्त्या, उत्सव आणि नाना प्रांतांतून येऊन राहिलेले लोक हा या काव्याचा विषय. येथे मार्ग नाही, मुक्काम नाहीत, परतणेही नाही. प्रवासाची रेषा जाऊन तिच्या जागी परिक्रमेचे वर्तुळ आले आहे.

हा बदल वृत्तीतील फरक म्हणून सांगता येईल. परंतु त्याचे कारण अधिक मूर्त आहे. जयनारायण स्वतः दाता होते. त्यांना कोणाही यजमानाचे ऋण फेडावयाचे नव्हते आणि आपल्या दानाचा साक्षीदार म्हणून कवी नेमण्याचेही कारण नव्हते. काशीवासाने मुक्ती मिळते, या श्रद्धेने राहणाऱ्या माणसाचे ऋण असते ते नगरीचे. नगरीचे ऋण फेडावयाचे तर तिच्यातील एकही स्थान वगळून चालत नाही. परिक्रमेचा सर्वसमावेशक घाट या जाणिवेतून येतो. १८१४ मध्ये त्यांनी काशीत उभारलेले गुरुधाम मंदिरही याच जाणिवेचे आहे. अष्टकोनी रचनेच्या या मंदिराच्या सात द्वारांना सात मोक्षपुरींची आणि आठव्याला गुरूचे नाव आहे. त्यांच्या काव्याचे आणि वास्तूचे तत्त्व एकच : काहीही बाहेर राहू नये.

३. कर्ज आणि ऋण

विष्णुभट गोडसे यांचा प्रवास १८५७ मध्ये सुरू झाला. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक घरचे कर्ज फेडण्यासाठी, उत्तरेत शिंदे घराण्यातील बायजाबाईंकडून होणाऱ्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने चुलत्यासह निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्याचे त्यांचे वर्णन सर्वज्ञात आहे. १८८३ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हा वृत्तान्त लिहिला. वैद्यांनी तो संस्कारित रूपात १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितावर आधारलेली संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये उपलब्ध करून दिली.

‘बंडाची हकीगत’ म्हणून हे पुस्तक वाचले गेल्याने त्यातील तीर्थयात्रा ही पार्श्वभूमी मानली जाते. वस्तुतः कथनाला आकार देणारे सूत्र तेच आहे. द्रव्यार्जन हे प्रवासाचे निमित्त. ते जवळजवळ निष्फळ ठरते, कारण मिळवलेले वाटेत लुटले जाते. शेवटी घरी पोहोचते ती गंगोदकाची कावड, आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालून कथा पूर्ण होते. सावकाराचे कर्ज राहते, पितृऋण फिटते. विजयराम पुण्याची नोंद यजमानाच्या नावे करतो, जयनारायण काशीच्या. विष्णुभट ती आपल्या जन्मदात्यांच्या नावे करतात. त्यामुळे ‘माझा प्रवास’मध्ये परतीच्या वाटेला जे महत्त्व आहे, ते दोन्ही बंगाली काव्यांत असू शकत नाही. विजयरामाचे प्रयोजन यजमानाच्या काशीयात्रेने साध्य होते आणि जयनारायणांना परतावयाचेच नाही. विष्णुभटांचे पुण्य मात्र घरी पोहोचल्याखेरीज पुरे होत नाही.

भूगोलाचाही येथे वाटा आहे. खिदिरपूरच्या यात्रिकाला गंगा दारातून काशीपर्यंत नेते. वरसईच्या यात्रिकाला नर्मदा ओलांडून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात पायी जावे लागते. महाराष्ट्रात गोदावरीलाही ‘गंगा’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी काशीची गंगा दूरच राहते आणि म्हणून ती खांद्यावरून आणावी लागते. कावडीची प्रतिमा मराठी कथनात केंद्रस्थानी येणे आणि नौकेची बंगाली कथनात येणे, हे अशा रीतीने स्वाभाविक ठरते.

४. काही संभाव्य आक्षेप

हा भेद पद्य आणि गद्य यांचा आहे, असे म्हणता येईल काय? तसे म्हणावे तर ‘तीर्थमंगल’ आणि ‘काशीपरिक्रमा’ ही दोन्ही पद्यात असूनही एक रेषारूप आणि दुसरे वर्तुळाकार का, याचे उत्तर मिळत नाही. बंगाली आणि मराठी अशा प्रादेशिक प्रकृतीवर भर दिला तरी हीच अडचण येते. प्रवासवर्णन ही इंग्रजी शिक्षणाची देणगी होय, हे मत तर १७७० च्या काव्यापुढे टिकत नाही. इंग्रजी विद्येचा संस्कार नसलेल्या विष्णुभटांच्या लेखनापुढेही ते टिकत नाही.

एक आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. विष्णुभटांच्या कथनात भय, भूक, कुतूहल आणि खंत यांनी युक्त असा अनुभवणारा ‘मी’ ज्या ठसठशीतपणे येतो, तसा तो विजयरामात येत नाही. या फरकाला ऋणसंबंधाची उपपत्ती पुरते उत्तर देते असे नाही. मधल्या शतकातील घडामोडी आणि गद्यकथनाची मोकळीक यांचाही विचार करावा लागेल. तथापि, यजमानाच्या सावलीत लिहिणाऱ्या कवीला स्वतःचे भय सांगण्याचा अवकाश कमी असतो, आणि यज्ञाचे यजमानच बंडाने उधळून लावल्यावर भिक्षुकाला आपल्यापुरते बोलावेच लागते, हेही तितकेच खरे.

५. उपसंहार

या तिन्ही संहिता विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत छापील रूपात आल्या. दोन्ही बंगाली काव्ये नगेंद्रनाथ बसू यांच्या संपादनाखाली बंगीय साहित्य परिषदेने प्रसिद्ध केली. राष्ट्रीय जाणिवेच्या त्या काळात त्यांच्याकडे इतिहासाची साधने म्हणून पाहिले गेले, आणि साधन म्हणून वाचलेल्या संहितेच्या घाटाकडे सहसा लक्ष जात नाही.

मराठी अभ्यासाच्या दृष्टीने आणखी एक बाब नोंदविण्याजोगी आहे. एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाले. अहिल्याबाई, अमृतराव पेशवे, बायजाबाई शिंदे यांनी काशीचे घाट आणि मंदिरे उभारली. मराठी माणसाने काशीत ग्रंथ सिद्ध केला आणि दगडी वास्तू बांधली. परंतु त्या वास्तूंनी घडलेल्या नगरीची समग्र परिक्रमा शब्दांत करणारी तोलामोलाची मराठी रचना प्रसिद्ध नाही. अहिल्याबाईंच्या मंदिराभोवतीची ती नगरी शब्दांत फिरून दाखविली ती खिदिरपूरच्या एका जमीनदाराने. मराठीतील काशीचा वाङ्मयेतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची काही पाने बंगालीतच वाचावी लागतील.