किल्ली विकत, खेळ उसना : निंटेंडोचा नवा कन्सोल आणि मालकीचा प्रश्न

माझ्या संग्रहात एक जुने मराठी पुस्तक आहे. मुखपृष्ठ गेलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या. आतल्या पानावर सन १८६७ च्या २५व्या आक्टाप्रमाणे ते रजिस्टर केल्याची नोंद आहे आणि तिच्याखाली तीन वेगवेगळ्या शाईंत तीन मालकांच्या सह्या आहेत. चौथी सही माझी. पुण्यातल्या एका रद्दीच्या दुकानात हे पुस्तक मी वीस रुपयांना घेतले, तेव्हा आधीच्या तिघांची किंवा प्रकाशकाची परवानगी मला घ्यावी लागली नाही. माझे रीतसर शिक्षण बी.कॉम.पाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते अशाच दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या पुस्तकांवर. त्यामुळे छापील वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते आणि ती जाऊ नये म्हणून कोण काय करते, हा माझ्या आस्थेचा विषय आहे.

या वर्षी गणपतीत न्यूजर्सीहून भाचा आला. त्याने निंटेंडो कंपनीचा ‘स्विच २’ हा नवा गेम कन्सोल आणला होता. गेमची एक डबी माझ्या हातात देत तो म्हणाला, “मामा, तुला लेबलं वाचायची हौस आहे ना, मग हे वाच.” डबीच्या तळाशी एक पांढरी पट्टी, तिच्यावर किल्लीचे चित्र, आणि पूर्ण खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागेल अशी सूचना. डबीत नखाएवढे कार्ड होते, पण त्या कार्डात खेळ नव्हता. त्यात होती ती फक्त खेळाची किल्ली. मी खेळाडू नाही. ‘मारिओ’पलीकडे या जगातले नाव मला सांगता आले नसते. परंतु ती पट्टी वाचून मला माझ्या पुस्तकातल्या सह्या आठवल्या, आणि पुढचे दोन महिने या विषयातच गेले.

घोषणेत काय होते

स्विच २ ची पहिली झलक १६ जानेवारी २०२५ रोजी दाखवण्यात आली, तपशील २ एप्रिलला जाहीर झाले आणि ५ जूनला विक्री सुरू झाली. यंत्र म्हणून ते सरस आहे यात वाद नाही. पडदा ६.२ इंचांवरून ७.९ इंचांचा झाला. दोन्ही बाजूंचे नियंत्रक आता चुंबकाने चिकटतात आणि टेबलावर आडवे ठेवून संगणकाच्या माऊससारखे फिरवता येतात. दूरच्या मित्रांशी खेळता खेळता बोलण्यासाठी वेगळे बटण दिले आहे. पहिल्या स्विचमधली साठवण ३२ जीबी होती, ती २५६ जीबी झाली. जुन्या स्विचचे बहुतेक खेळ यावर चालतात. अमेरिकेतली किंमत ४४९.९९ डॉलर ठेवण्यात आली.

घोषणेनंतर गाजला तो किमतीचाच प्रश्न. यंत्र महाग, ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा एक खेळ ७९.९९ डॉलरचा, त्यात अमेरिकेने नवे आयातशुल्क लावल्यामुळे तिथली आगाऊ नोंदणी पुढे ढकलावी लागली. या गदारोळात किल्ली-कार्डाची गोष्ट तळटिपेसारखी राहून गेली. माझ्या मते घोषणेतला सर्वांत दूरगामी भाग तोच होता. किंमत आज ना उद्या उतरू शकते. हातातून गेलेला मालकीहक्क मात्र सवलतीत परत मिळत नाही.

किल्ली-कार्डाची व्यवस्था अशी आहे. कार्ड यंत्रात घालायचे, मग कंपनीच्या सर्व्हरवरून खेळ यंत्राच्या साठवणीत उतरवून घ्यायचा. त्यानंतरही खेळताना प्रत्येक वेळी कार्ड आत असावे लागते. म्हणजे कार्ड सांभाळण्याची जबाबदारी ग्राहकाची, साठवणीची जागाही ग्राहकाची. जागा कमी पडली तर साधे मेमरी कार्ड खेळांसाठी चालत नाही. नव्या प्रकारचे, महाग ‘मायक्रोएसडी एक्स्प्रेस’ घ्यावे लागते. खेळ स्वतः मात्र सर्व्हरवर, म्हणजे दुसऱ्याच्या घरात.

१९८३ साली याच कंपनीने जपानमध्ये आणलेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्राची कार्ट्रिज आजही जुन्या यंत्रात बसवली की चालतात. चाळीसहून अधिक वर्षांत त्यांना कोणाला विचारावे लागलेले नाही. किल्ली-कार्डाबद्दल असे कोणी म्हणू शकेल का? निंटेंडोनेच २७ मार्च २०२३ रोजी आपल्या थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांत नवी खरेदी बंद केली. घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय कंपनीने ठेवली आहे, हे नमूद केले पाहिजे. पण ती सोय आहे, आणि सोय देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते.

२०१३ चा प्रसंग

हा वाद पहिल्यांदा उद्भवलेला नाही. २१ मे २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ जाहीर केला. पाठोपाठ ६ जूनला त्याचे नियम प्रसिद्ध झाले. यंत्र चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडलेच पाहिजे. खेळाची तबकडी मित्राला द्यायची तर तो मित्र यादीत किमान तीस दिवस असला पाहिजे, आणि एक खेळ असा एकदाच देता येईल. जुना खेळ विकता येईल की नाही, ते प्रकाशक ठरवणार. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करावे, असे विचारल्यावर कंपनीच्या या विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी आधीचे यंत्र, एक्सबॉक्स ३६०, सुचवले. ग्राहकांना ते फार झोंबले.

१० जूनला सोनीने आपल्या प्लेस्टेशन ४ ची किंमत शंभर डॉलरने कमी जाहीर केली आणि अर्ध्या मिनिटाहूनही छोटी चित्रफीत दाखवली : खेळ दुसऱ्याला कसा द्यावा? एक माणूस डबी पुढे करतो, दुसरा ती घेऊन आभार मानतो. संपले. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले. घोषणेपासून माघारीपर्यंत महिनाही गेला नव्हता.

मग त्या वेळी महिन्याभरात पडलेली गोष्ट २०२५ मध्ये पचली कशी? दोन्ही घोषणा शेजारी ठेवून वाचल्या की उत्तर सापडते. २०१३ ची भाषा नियमांची होती : हे करता येणार नाही, ते एकदाच करता येईल. २०२५ ची भाषा सोयीची आहे. किल्ली-कार्ड मित्राला देता येते, विकता येते. त्यावर बंधन नाही. शिवाय केवळ डाउनलोड करून घेतलेले खेळही ‘आभासी कार्ड’ म्हणून कुटुंब-गटातल्या सदस्याला चौदा दिवसांसाठी उसने देता येतात, मुदत संपली की ते आपोआप परत येतात. चौदा दिवसांची मुदत वाचून मला आमच्या गावच्या वाचनालयाची आठवण झाली. वाचनालयाने शब्द दिला उसनवारीचा, आणि त्यातून शेजारी वगळला गेला.

एका डॉलरची कादंबरी

पुस्तकांच्या इतिहासात या प्रश्नाला एक जुने उत्तर आहे. १९०४ साली अमेरिकेत बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने ‘द कास्टअवे’ ही कादंबरी काढली. तिच्या प्रताधिकाराच्या पानावर सूचना छापली होती की, हिची किंमत एक डॉलर, याहून कमी किमतीत कोणी विकली तर तो हक्कभंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटना विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०८ मध्ये न्यायालयाने प्रकाशकाचा दावा फेटाळला : प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा अंकुश राहत नाही. पुढच्याच वर्षी हे तत्त्व तिथल्या कायद्यात आले. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातही प्रती प्रसृत करण्याचा हक्क सांगताना ‘आधीच वितरणात असलेल्या प्रती’ वगळल्या आहेत. रद्दीवाला, फोर्टच्या पदपथावरचा पुस्तकविक्रेता आणि गावोगावची वाचनालये या एवढ्याशा अपवादावर उभी आहेत.

‘द कास्टअवे’च्या प्रकाशकाला आपली अट पानावर छापावी लागली, म्हणून ती न्यायालयात मोडता आली. आजची अट यंत्राच्या रचनेत बसवलेली असते. शिवाय व्यवहाराला विक्री न म्हणता परवाना म्हटले, की १९०८ चे तत्त्व लागूच होत नाही. कॅलिफोर्निया राज्याने म्हणून १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला : ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल दुकानांनी ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये. एका शब्दासाठी कायदा करावा लागला, यातच त्या शब्दाची आजची अवस्था दिसते. परवान्याचा अर्थ काय होतो, हे वाचकांनी २००९ सालीच पाहिले आहे. तेव्हा ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून ऑर्वेलच्या ‘१९८४’ची एक आवृत्ती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती.

ग्रंथालयाने दिलेला नकार

माझ्या दृष्टीने या सगळ्यातली सर्वांत बोलकी घटना टोकियोत घडली. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात २००० सालापासून पुस्तकांबरोबर व्हिडिओ गेमच्या प्रतीही कायद्याने जमा होतात. किल्ली-कार्डांबद्दल विचारणा झाली तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, ग्रंथालयाने कळवले की किल्ली म्हणजे आशय नव्हे, त्यामुळे ही कार्डे संग्रहात घेता येणार नाहीत. ग्रंथपालाची ही भूमिका तर्कशुद्ध आहे. ज्यात काही लिहिलेलेच नाही, ते कपाटात कशासाठी ठेवायचे?

आपल्याकडे १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारला द्याव्या लागत. १९५४ च्या कायद्याने त्या कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी काही ग्रंथालयांना द्याव्या लागतात. शं. ग. दाते यांना १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची करता आली, कारण प्रती कुठे ना कुठे शिल्लक होत्या. उद्या कोणा दात्यांना या काळातल्या खेळांची सूची करावीशी वाटली तर त्यांच्या हाती किल्ल्या असतील, पण कुलपे असतील का? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवले की, तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी जपलेले असे खेळ संशोधकांना दूरस्थपणे पाहू द्यावेत, ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या प्रताधिकार कार्यालयाने नाकारली.

दुसरी बाजू

कंपन्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. मोठ्या क्षमतेची कार्डे महाग पडतात. जुन्या डबीच्या विक्रीतून खेळ तयार करणाऱ्याला दमडी मिळत नाही. कार्डेही कधीतरी खराब होतातच. शिवाय डबीत नुसता कागदी कोड देण्यापेक्षा किल्ली-कार्ड बरे, कारण ते निदान विकता येते. हे शेवटचे म्हणणे मला मान्य आहे. जुन्या विक्रीबद्दलची तक्रार मात्र पुस्तकांच्या प्रकाशकांनीही केली होती, आणि रद्दीची दुकाने असतानाही पुस्तके छापली जातच राहिली. खर्चाच्या मुद्द्याला तर याच यंत्रावर उत्तर मिळते : ‘सायबरपंक २०७७’सारखा अवाढव्य खेळ ६४ जीबीच्या कार्डावर संपूर्ण दिला गेला, तर त्याहून लहान ‘स्ट्रीट फायटर ६’ किल्ली म्हणून विकला गेला. हा तांत्रिक नाइलाज नाही. खर्च कोणी सोसायचा याची ती निवड आहे.

आणि ग्राहक अगदीच निजलेला नाही. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे मोजलेल्यांकडेही खेळ उरला नाही. त्यातून सुरू झालेल्या मोहिमेने युरोपीय संघाकडे केलेल्या अर्जावर जुलै २०२५ अखेर दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. खेळ कायम चालवा असे ते म्हणत नाहीत. दुकान बंद करताना खेळ चालण्याजोगा ठेवून जा, एवढेच त्यांचे मागणे आहे.

मी स्वतः एका ॲपवर अकरा मराठी ई-पुस्तके घेतली होती. ते ॲप बंद पडले. पैशांची पावती माझ्या ईमेलमध्ये आहे, पुस्तके नाहीत. ती कोणती होती, हेही आता मला त्या पावतीवरूनच सांगता येते. वीस रुपयांचे वाळवी लागलेले पुस्तक मात्र टेबलावर आहे.

भाचा परत निघाला तेव्हा मी त्याला विचारले, “हा खेळ तुझ्या मुलाच्या मुलाला खेळता येईल का?” तो हसून म्हणाला, “कार्ड देता येईल, मामा.”

हा अंकही एव्हाना तुमच्या हाती आला असेल. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत एकाने घेतलेला अंक चार घरांत फिरतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाचनालयाच्या शिक्क्यासह खिळखिळा होतो. तुमचे वाचून झाले की तोही शेजारी द्या. कोणाला विचारायची गरज नाही.