नटींचीं छायाचित्रें व वेशभूषेचा इतिहास

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील घरांतून जुनीं छायाचित्रें जमविणाऱ्या एका संग्राहकांनीं आपला संग्रह आम्हांस पाहावयास दिला. त्यांच्या परिश्रमाबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु चित्रांखालील कांहीं टिपा आम्हांस मान्य करवत नाहींत. स्त्रियांच्या वेशाचा काळ व प्रकार ठरवितांना त्यांनीं बोलपटांतील नटींच्या छायाचित्रांवर भिस्त ठेविली आहे.

नटीचें छायाचित्र हा चित्रीकरणाच्या वर्षाचा पुरावा होय, कथेच्या काळाचा नव्हे. 'अयोध्येचा राजा' (१९३२) यांतील दुर्गा खोटे यांची तारामती पाहून पुराणकाळचा वेश कोणी ठरविणार नाहीं. 'ब्रह्मचारी' (१९३८) यांत मीनाक्षी यांनीं घातलेला पोहण्याचा पोशाख तर फारच गाजला. पण जो वेश पाहून लोक चकित झाले तो लोकांचा नव्हता, हें त्या खळबळीवरूनच सिद्ध होतें. 'संत तुकाराम' (१९३६) यांतील गौरी यांची आवली मात्र निराळी. सतराव्या शतकाची साक्ष तीहि देत नाहीं. तरी घरकामांत वावरणाऱ्या बाईचें लुगडें कसें दिसतें तें तिच्यामुळें पाहावयास मिळतें. भात लावतांना गुडघ्यावर खोंचलेलें कुणबी व ठाकर बायांचें लुगडें पडद्यापुढें बसून काढलेल्या चित्रांत सहसा येत नाहीं.

आमचा मुख्य आक्षेप रंगांविषयीं आहे. जुन्या काचांवर तांबडा रंग काळा व निळा रंग पांढरट उमटे. बोलपटांच्या काळीं प्रचारांत आलेल्या सुधारलेल्या फितीवर तसें होत नसे. म्हणून दोहोंच्या छटा जुळवून पाहणें मुळांतच चुकीचें. संग्राहकांनीं ज्या काळ्या लुगड्यास चंद्रकळा म्हटलें आहे तें तांबडेंहि असूं शकेल. दुसऱ्या एका चित्रांतील बाईस, लुगडें पांढरें दिसतें एवढ्यावरून, त्यांनीं विधवा ठरविलें आहे. तिच्या गळ्यांत पोत आहे, हातांत बांगड्या आहेत आणि कपाळावरील टिकली काळी आहे, म्हणजे बहुधा तें कुंकूच. 'काळी टिकली, नटींची नक्कल' ही टीप वाचून आम्हांस हंसूं आलें, हें कबूल केलें पाहिजे.

या चित्राच्या पाठीवर छायाचित्रकाराचा अस्पष्ट शिक्का आहे. काळ ठरविण्यास तो नटींहून अधिक उपयोगी पडेल. तो वाचला जाईपर्यंत वैधव्याची टीप तरी संग्राहकांनीं खोडून टाकावी. त्या बाईचीं नातवंडें अद्याप त्याच घरांत राहतात.