आधी चौकट, मग घोषणा

या पानांसाठी येणाऱ्या कथा मी वाचतो. परवा कुहीतल्याच एका कार्यकर्त्या मित्राची कथा आली. विषय आपल्या घरचा, गोसीखुर्द. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे कुही तालुक्यातली गावे बुडितात गेली. कथेचा नायक तरुण, शिकलेला, न डगमगणारा. तो मोर्चा काढतो, साहेबाला सुनावतो आणि पुनर्वसनाच्या वस्तीत विहारासमोर दोन पाने भाषण ठोकतो. टाळ्या. कथा खतम.

मी म्हटलं, "भाऊ, भाषण झकास हाये. सभेत कर. पण कथा कुठी हाये?"

गडी तापला. म्हणाला, "आराखडे पांढरपेशे लेखक काढतात. आपण आगीनं लिहितो. आखून कोणी विद्रोह करते का?"

करते ना! बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे १९३५ ला येवल्यात जाहीर केलं आणि दीक्षा घेतली १९५६ ला, आपल्या नागपुरात. मधली २१ वर्षे आग विझली नव्हती. ते वाचत होते, तपासत होते, लोकांची तयारी करत होते. आखणी म्हणजे आग विझवणं नव्हे. चूल मांडली की आगीवर भाकर होते, नाही तर नुसता जाळ.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' घ्या. त्याच नावाचा संग्रह १९६३ चा. त्यात आग कमी आहे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. आता तीच कथा बांधणीसाठी वाचा. शीर्षकातच गुपित फुटतं. चोरी आपल्याला ठाऊक, कथेतल्या भोवतालच्या माणसांना नाही. म्हणून रेल्वेतली नोकरी, भाड्याची खोली, घरमालकाचा आदर, यातलं काहीच साधं राहत नाही. मान जितका वाढतो तितका वाचणाऱ्याचा जीव खालवर होतो. मारहाण शेवटी येते, भीती पहिल्यापासून असते. आणि बागूल शेजारी काशिनाथ उभा करतात, जात न लपवणारा, चाकू बाळगणारा. एक लपवतो, एक लपवत नाही, जात दोघांनाही सोडत नाही. बागुलांची माणसेही तावातावाने बोलतात, पण त्या बोलण्याखाली धोका धगधगत असतो. आपल्या नायकाच्या भाषणात त्याचं काय पणाला लागतं? काहीच नाही.

आत्मकथनांनीही आपल्याला थोडं फसवलं. 'बलुतं' १९७८ ला आलं, 'उपरा' १९८० ला. मराठी वाङ्मय हादरलं. पण तिथे जगलेलं आयुष्य हाताशी असतं, लेखक त्यातून निवडतो. कथेत कोणाला काय पाहिजे, आडवं कोण येतं, किंमत कोण मोजतं, हे सारं आपल्यालाच ठरवावं लागतं.

मित्राच्या कथेत एक ओळ होती. गाव सोडताना बुढी आजी दाराची सागवानी चौकट काढून बंडीत टाकते. बस, एकच ओळ. मी म्हटलं, "कथा इथं हाये. बुढीले चौकट कायले पाहिजे? नव्या घराच्या दारात ते बसते का? नाही बसली तर भिंत फोडाची का चौकट कापाची? पोरगा मोबदल्याच्या पैशात लोखंडी दार आणतो म्हणते, तवा ते काय करते?" एवढं कागदावर मांड. शेवट तिच्या हट्टातून येऊ दे, आपल्या जाहीरनाम्यातून नको.

मी स्वतः असे निर्दोष नायक पुष्कळ रंगवले. आता वाटतं, तो आपल्याच माणसांचा अपमान होता. मोबदल्याच्या पैशावरून भावाभावांत भांडणं होतात, माणूस घाबरतो, लोभात पडतो, सही करून बसतो. हे लिहायची लाज धरली तर वस्तीतला माणूस आपल्या कथेत स्वतःला शोधेल आणि सापडणार नाही.

मित्र बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ते चौकट अजून घरामांगं पडून हाये. पावसात भिजते. बुढी कोणाले हात लावू देत नाही."

हे त्याने कथेत लिहिलंच नव्हतं. मी कथा परत केली आहे. पुढच्या अंकासाठी जागा ठेवली आहे.

जय भीम.