अंजिराच्या झाडाखालचे बालपण

जोझे सारामागो या पोर्तुगीज कादंबरीकाराचे नाव आपल्या वाचकांस अपरिचित नसावे. येशूच्या जीवनावरील त्यांच्या १९९१ सालच्या कादंबरीने अनेक श्रद्धावंतांची मने दुखावली. १९९८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा व्हॅटिकनच्या दैनिकानेही नापसंती नोंदविली. मीही त्या कादंबरीपायी त्यांच्या इतर ग्रंथांकडे वर्षानुवर्षे पाठ फिरविली. २००६ साली प्रसिद्ध झालेले ‘छोट्या आठवणी’ हे त्यांचे पुस्तक उशिरा हाती आले आणि आपल्या हट्टाने आपलेच नुकसान केले, हे उमगले.

सारामागो १९२२ साली आझिन्यागा या खेड्यात जन्मले. कुटुंब लवकरच लिस्बनला गेले; परंतु त्यांचे मन आजोळीच राहिले. आजोबा जेरोनिमो निरक्षर. चार-सहा डुकरे पाळून, पिले विकून संसार चाले. अनवाणी नातवाने लाकडे फोडावीत, पंपाचे लोखंडी चाक फिरवावे, सार्वजनिक विहिरीचे पाणी खांद्यावरून आणावे. पहाटे राखणदारांची नजर चुकवून आजीबरोबर शेतातले उरलेसुरले काड गोळा करावे आणि उन्हाळ्याच्या रात्री अंजिराखाली आजोबांच्या गोष्टी ऐकत झोपी जावे. नोबेल व्याख्यानातही त्यांनी हेच जीवन उभे केले होते.

कडाक्याच्या थंडीत आजी-आजोबा अशक्त पिलांना आपल्या अंथरुणात घेत, हा प्रसंग या साऱ्याचा गाभा होय. ही भूतदया नव्हे, पोटाची काळजी होती, असे लेखक बजावतो. गरिबीला गोंडस रूप न देण्याचा हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे. तथापि येथे मी त्यांच्याशी असहमत आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, तेव्हा पोट आणि प्रेम यांची फारकत करीत नाही. पिलाला ऊब देणारे हात भाकरीही राखतात आणि जीवही.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. कालक्रम नसल्याने वाचक चाचपडतो. लिस्बनमधील बिऱ्हाडे व शेजारी यांच्या वर्णनात नावांची गर्दी होते. मात्र आपली स्मृती कोठे दगा देते, हे लेखक मोकळेपणाने सांगतो. त्यामुळे विश्वास वाढतो.

मरण जवळ आल्याचे जाणून आजोबांनी परसातील एकेका झाडाला मिठी मारून, रडत निरोप घेतला. मरणाऱ्यांच्या उशाशी बसणे हे आम्हा धर्मगुरूंचे नित्याचे काम; तरी निर्मितीविषयीची इतकी कृतज्ञता क्वचितच पाहिली आहे. सारामागो २०१० साली नास्तिक म्हणूनच निवर्तले. त्यांना मरणोत्तर श्रद्धावंत ठरविण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु त्यांच्या आजोबांपुढे नम्र होण्यास कोणाची हरकत असावी?